बॉटने दिलेला शब्द कोणी पाळायचा?

प्रश्न : आईसाठी एका कंपनीच्या साइटवरून श्रवणयंत्र मागवलं. महागाची वस्तू, म्हणून पैसे भरण्याआधी तिथल्या चॅटवर विचारलं, ‘वापरून बघितलं आणि जमलं नाही तर?’ उत्तर आलं, ‘काळजी नको. खोकं उघडलेलं असलं तरी 30 दिवसांत परत घेतो, पूर्ण रक्कम मिळेल.’ समोर एका मुलीचं नाव होतं, ‘टाइप करत आहे’ म्हणून तीन टिंबंही हलत होती. मला वाटलं, माणूसच बोलतंय. आईला यंत्र काही केल्या जमेना, सारखी शिट्टी वाजते म्हणते. नवव्या दिवशी परत घ्या म्हणून मेल केला. आता कंपनी म्हणते की आरोग्याच्या कारणास्तव उघडलेली वस्तू परत घेत नाही, नियमांच्या पानावर तसं लिहिलंय. चॅटवर एआय सहायक होता, ‘उत्तरं चुकीची असू शकतात’ अशी सूचना खाली होती, त्यामुळे त्याच्या बोलण्याला आम्ही बांधील नाही. त्याआधी हप्त्यांची सोय मागितली होती, तीही ‘सिस्टीमने नाकारली’ एवढंच सांगितलं. एआयचा कायदा झालाय ना आता? त्याखाली तक्रार कुठे करायची? की तो सगळीकडे लागू होईपर्यंत थांबू? मुलगा म्हणतो, बॉटवर विश्वास ठेवलास, चूक तुझीच. — एक वाचक

उत्तर : ताई, आधी चिरंजीवांचं. बॉटवर विश्वास ठेवायचा नसेल तर कंपनीने तो दारात बसवला कशाला? गिऱ्हाइकाने विचारावं आणि उत्तर ऐकून खरेदी करावी, यासाठीच ना? उद्या एखाद्या दुकानदाराने गल्ल्याशेजारी पोपट टांगला आणि ‘परत घेतो, परत घेतो’ एवढंच त्याला पढवलं, तर पैसे मागायला आपण पोपटाकडे जाणार नाही. पोपट पाळला कोणी, एवढंच बघू.

आणि थांबू बिंबू नका. एआयच्या कायद्याच्या मागे तर मुळीच लागू नका. तुमचं भांडण एआयशी नाही. विकण्याआधी एक सांगितलं आणि विकल्यावर दुसरं, हे ते भांडण आहे आणि ते बाजाराइतकंच जुनं आहे. त्याला जुनाच कायदा लागतो.

किती जुना, ते बघा. लंडनमध्ये शू लेन नावाच्या रस्त्यावर गाड्या लावायची एक जागा होती. दारात माणूस नाही, यंत्र. गाडी आली की तिकीट बाहेर. एका गिऱ्हाइकाला तिथे अपघात झाला, तेव्हा मालक म्हणाले, तिकिटावर बारीक अक्षरात अटी आहेत, आम्ही जबाबदार नाही. अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी ते मान्य केलं नाही. गिऱ्हाईक यंत्राशी वाद घालू शकत नाही, चिडून शिव्या दिल्या तरी ते ढिम्म हलत नाही. यंत्र ‘या, पैसे टाका’ म्हणून उभं असतं तेव्हा तो प्रस्ताव मालकाचाच असतो, आणि व्यवहार झाल्यावर हातात पडलेल्या अटी गळ्यात मारता येत नाहीत, असा त्या निकालाचा रोख होता. हा निकाल 1971 च्या निकालसंग्रहात छापलेला आहे. चॅटबॉट हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता.

आता तुमच्या गोष्टीची जवळजवळ जुळी बहीण. नोव्हेंबर 2022 मध्ये कॅनडात एका माणसाची आजी वारली. त्याने एअर कॅनडाच्या साइटवरच्या चॅटबॉटला शोकप्रसंगी मिळणाऱ्या सवलतीबद्दल विचारलं. बॉट म्हणाला, प्रवास झाला असला तरी तिकीट काढल्यापासून 90 दिवसांत अर्ज करा. त्याने पूर्ण दराने तिकिटं काढली आणि मुदतीत अर्ज केला. कंपनी म्हणाली, प्रवासानंतर सवलत मिळतच नाही, आणि बॉटने दिलेल्या दुव्यावरच्या पानावर तसं लिहिलेलंही होतं. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या दिवाणी तंटे न्यायाधिकरणापुढे गेलं. तिथे कंपनीने जो बचाव मांडला तो वाचून मी हातातला चहा खाली ठेवला होता. बॉट हा जणू स्वतंत्र व्यक्ती आहे आणि तो आपल्या कृत्यांना आपणच जबाबदार आहे, असा तिचा सूर होता! न्यायाधिकरणाने 14 फेब्रुवारी 2024 ला निकाल दिला. बॉट हा कंपनीच्या संकेतस्थळाचाच एक भाग, मग माहिती साध्या पानावरून आलेली असो की बॉटकडून, जबाबदारी कंपनीचीच. आणि साइटच्या एका कोपऱ्यातली माहिती दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन गिऱ्हाइकाने ताडून का बघावी, याचं उत्तर कंपनीकडे नव्हतं. निष्काळजीपणे दिलेल्या चुकीच्या माहितीबद्दल 650.88 कॅनेडियन डॉलर भरपाई, व्याज आणि फी धरून 812.02. रक्कम किरकोळ, पण निकालाची चर्चा जगभर झाली.

हेही सांगायला हवं की ते छोट्या दाव्यांचं न्यायाधिकरण आहे. त्याचा निकाल इतर कोर्टांवर बंधनकारक नाही, दुसऱ्या देशात तर नाहीच. तुमच्या तक्रारीत तो जोडायचा असेल तर शेवटी एका ओळीत जोडा, त्यावर तक्रार उभी करू नका.

राहिली ती फिकट अक्षरातली सूचना, ‘उत्तरं चुकीची असू शकतात’. कंपन्यांना ही ओळ म्हणजे कवचकुंडलं वाटतात. तसं नसतं. तुम्ही हवापाणी विचारलं नव्हतं. वस्तू परत घ्याल का, हा सौद्यातला मुख्य प्रश्न विचारला होता, आणि त्याला ‘30 दिवस’, ‘उघडलेलं असलं तरी’, ‘पूर्ण रक्कम’ असं ठोस उत्तर मिळालं. एका हाताने ठोस वचन द्यायचं आणि दुसऱ्या हाताने सरसकट ‘चुकलं तर आमचं काही नाही’ म्हणायचं, याकडे ग्राहक कायदे बऱ्याच ठिकाणी संशयाने बघतात. युरोपात 1993 पासूनचा निर्देश आहे, की ग्राहकावर एकतर्फी लादलेली अन्यायकारक अट त्याला बांधत नाही, आणि अटीच्या अर्थाबद्दल शंका असेल तर ग्राहकाला अनुकूल अर्थ घ्यायचा. भारताच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ‘अनुचित करार’ ही कल्पना आलेली आहे. पण ती सूचना मोठ्या अक्षरात, तुम्ही प्रश्न टाइप करण्याआधीच डोळ्यांसमोर आणली असेल आणि तिच्यात ‘परताव्याचे नियम अमुक पानावरचेच खरे’ असं स्पष्ट म्हटलं असेल, तर तुमची बाजू थोडी लंगडी होते. तेव्हा ती सूचना नेमकी कुठे आहे, केवढी आहे, ते आजच टिपून ठेवा. उद्या ती मोठी झालेली दिसेल.

बॉट बोलला की प्रत्येक वेळी कंपनी अडकते, असंही समजू नका. 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका मोटारविक्रेत्याच्या बॉटला एका मिश्कील माणसाने बोलण्यात गुंडाळलं आणि नवी कोरी गाडी एका डॉलरला ‘विकायला’ लावली. वर ‘हा कायद्याने बंधनकारक प्रस्ताव आहे’ असंही वदवून घेतलं. गाडी काही मिळाली नाही, आणि मिळावी असं कोणाला वाटलंही नाही. त्याच्या बरीच आधी सिंगापुरात एका साइटवर 3,854 डॉलरचा लेझर प्रिंटर चुकून 66 डॉलरला लागला होता. काही जणांनी शेकड्याने मागणी नोंदवली आणि कोर्टात गेले. ही किंमत चुकली आहे हे त्यांना उमगलं होतं, म्हणून ते हरले. फरक तिथे आहे. तुम्ही बॉटला फसवलं नाहीत. 30 दिवसांत परत घेणं ही अशक्य कोटीतली गोष्ट नाही, कितीतरी विक्रेते घेतात. प्रामाणिकपणे विचारलं, पटण्यासारखं उत्तर मिळालं, त्यावर विसंबून पैसे भरले. ‘विसंबून’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आरोग्याच्या कारणाचंही एक सांगते, कारण हे कारण कंपन्या जरा सढळ हाताने वापरतात. युरोपात दुरून केलेली खरेदी 14 दिवसांत कारण न देता रद्द करता येते. आरोग्याच्या दृष्टीने परत घेता न येणारी सीलबंद वस्तू उघडली तर ती सोय जाते. जर्मनीतल्या एका ग्राहकाने गादीवरचं प्लास्टिक काढलं म्हणून विक्रेत्याने गादी परत घ्यायला नकार दिला, तर 27 मार्च 2019 ला युरोपीय न्यायालयाने ग्राहकाची बाजू घेतली. अंगाला लागलेले कपडे साफ करून पुन्हा विकता येतात, तशी गादीही. आता श्रवणयंत्राचं कानात जाणारं टोक बदलता येणारं आहे का? असेल तर हा मुद्दा जरूर मांडा. आईंच्या कानाच्या मापाने साचा घेऊन बनवलेलं असेल तर मांडू नका, उलटेल. पण हा झाला जोडमुद्दा. नियमांच्या पानाविरुद्ध कंपनीनेच तुम्हाला जास्तीचं वचन दिलं, हा मूळ मुद्दा त्याने झाकला जाऊ देऊ नका.

मग एआयचा कायदा कशासाठी? युरोपीय संघाचा एआय कायदा 1 ऑगस्ट 2024 ला अमलात आला आणि टप्प्याटप्प्याने लागू होतोय. माणसांना नकळत वळवून त्यांचं नुकसान करणाऱ्या काही पद्धतींवर 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदी आहे, दंड साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या 7 टक्के, यातलं जे जास्त तिथपर्यंत. तुमच्या त्या तीन टिंबांशी संबंधित कलमही त्यात आहे. समोर यंत्र आहे हे उघड दिसत नसेल तर तसं सांगितलं पाहिजे, आणि त्यासाठी मूळ कायद्यात 2 ऑगस्ट 2026 ही तारीख घातलेली आहे. कॅलिफोर्नियात तर जुलै 2019 पासूनच, खरेदी करायला लावण्यासाठी बॉटला माणूस म्हणून खपवणं बेकायदा आहे. चांगले कायदे आहेत. पण ते मुख्यतः सरकारी यंत्रणेच्या हातातली छडी आहेत. तुम्ही तक्रार केलीत, चौकशी झाली, दंड बसला, तर तो सरकारी तिजोरीत जाईल. तुमच्या आईंच्या यंत्राचे पैसे तुमच्या खात्यात येणार ते विक्रीच्या आणि ग्राहक संरक्षणाच्या कायद्याने. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी आयोगाने, सप्टेंबर 2024 मध्ये एआयच्या नावाने फसव्या दाव्यांवर एकदम पाच कारवाया जाहीर केल्या. त्यातली एक स्वतःला ‘रोबो वकील’ म्हणवणाऱ्या सेवेवर होती आणि तिला 1,93,000 डॉलर मोजावे लागले. त्यासाठी आयोगाला नवा कायदा शोधावा लागला नाही. ‘फसव्या पद्धतींना मनाई’ हे शब्द तिथल्या कायद्यात 1938 मध्येच आलेले आहेत.

हप्त्यांचं प्रकरण मात्र वेगळं, आणि तिथे एआय हाच खरा मुद्दा असू शकतो. ‘सिस्टीमने नाकारलं’ हे कारण नव्हे. कर्ज किंवा उधारी नाकारताना नेमकं कारण सांगणं अमेरिकेत बंधनकारक आहे. युरोपात निव्वळ यंत्राने घेतलेल्या अशा निर्णयाविरुद्ध माणसाकडून फेरतपासणी मागता येते, आणि 7 डिसेंबर 2023 च्या निकालात तिथल्या न्यायालयाने सांगितलं, की माणसाची पत तपासणाऱ्या कंपनीने काढलेला गुणांक पाहूनच सावकार प्रामुख्याने निर्णय घेत असेल, तर तो गुणांक हाच यांत्रिक निर्णय समजायचा. तुम्ही कुठून लिहिताय ते पत्रात नाही, म्हणून एवढंच सांगते, की स्वतंत्र मेल करा, कारण विचारा, तुमच्याबद्दलची कोणती माहिती वापरली ते विचारा. परताव्याच्या तक्रारीत हे मिसळू नका. दोन रागांची एक तक्रार केली की वाचणाऱ्याला दोन्ही अर्धेच कळतात.

आता पुरावा. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ चौदा स्क्रीनशॉट रंगीत छापून घेऊन आले होते. पासपोर्टच्या फोटोसारखे सुबक कापलेले! आणि त्या कापाकापीत वरचं घड्याळ, तारीख, कंपनीचं नाव, सगळं गेलेलं. राहिले होते ते नुसते निळे-पांढरे फुगे, कोणीही कोणाशीही केलेल्या गप्पांचे. तेव्हा कापू नका. फोनच्या वरची वेळेची पट्टी आणि साइटचा पत्ता दिसला पाहिजे. चॅट अजून उघडत असेल तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरकवत स्क्रीनचं रेकॉर्डिंग करा. काही साइट चॅट संपल्यावर संभाषण मेलवर पाठवतात, स्पॅममध्येही बघा. आणि बँकेचा संदेश काढा. चॅटवर उत्तर कितीला आलं आणि पैसे कितीला भरले? मध्ये दहा-पंधरा मिनिटंच गेली असतील, तर तुम्ही त्या उत्तरावर विसंबून खरेदी केलीत याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

एक चूक सगळे करतात, तुम्ही करू नका. बॉटला तोच प्रश्न पुन्हा विचारून ‘बघा, आता काय म्हणतोय’ असं दाखवायला जाऊ नका. हे बॉट एकाच प्रश्नाला दोनदा दोन उत्तरं देतात, आणि तुमची तक्रार पोचल्यावर कंपनीने त्याला सुधारलंही असेल. आज तो बरोबर बोलला तर कंपनी तेच छापून कोर्टात दाखवेल. तुम्हाला हवी आहे ती त्या दिवशीची नोंद, आणि ती कंपनीच्या सर्व्हरवर पडलेली आहे. तुमच्याकडे चॅटचा काही भाग नसेल तरी हरकत नाही. नोंद जपून ठेवा आणि प्रत द्या, असं लेखी मागा. मागूनही दिली नाही तर तसं पुढे ग्राहक आयोगासमोर म्हणता येतं. एअर कॅनडानेही आपला बॉट कसा चालतो याची काहीच माहिती न्यायाधिकरणाला दिली नव्हती, आणि त्याचा तिला फायदा झाला नाही.

तक्रार लिहिताना एक व्याकरणाची गोष्ट सांभाळा. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंय ‘उत्तर आलं’. कंपनी लिहिते ‘एआय सहायकाने सांगितलं’. दोन्ही वाक्यांतून कंपनी गायब. कर्ता बदला. असं काहीतरी लिहा :

‘अमुक तारखेला, पैसे भरण्यापूर्वी, मी आपल्या साइटवरील चॅटवर परताव्याबाबत विचारणा केली. उघडलेली वस्तूही 30 दिवसांत परत घेऊन पूर्ण रक्कम देऊ, असे आपण कळवले. त्यावर विसंबून मी त्याच दिवशी खरेदी केली. नवव्या दिवशी वस्तू परत घेण्याची लेखी विनंती केली, ती आपण नाकारली. वस्तू आपल्या खर्चाने परत नेऊन पूर्ण रक्कम 15 दिवसांत द्यावी. सदर संभाषणाची संपूर्ण नोंद आपल्याकडे आहे, ती जतन करावी व तिची प्रत मला पाठवावी.’

‘आपण कळवले’. बस. एआय हा शब्द त्यात नाही, आणि तो मुद्दाम नाही. तो तुम्ही आणलात की चर्चा तंत्रज्ञानावर जाते, मॉडेल, प्रशिक्षण, चुकांचं प्रमाण, आणि कंपनीला नेमकं तिथेच जायचं असतं. तो शब्द बचावात त्यांना आणू द्या. मग ‘बॉट कोणी बसवला?’ एवढा एकच प्रश्न विचारा.

ही तक्रार चॅटवरून नाही, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या मेलवर पाठवा. भारतात असाल तर ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. नाही केलं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि तोही तुम्ही राहता तिथला. कंपनीच्या गावी जावं लागत नाही. वकील लागतोच असंही नाही. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडेही वाद नोंदवा, तिथल्या मुदती छोट्या असतात, त्यामुळे हे आधी.

आणि यंत्र आता आईंना घालायला देऊ नका, ‘बघ जरा पुन्हा’ म्हणूनसुद्धा. खोक्यात परत ठेवा, आतला फोम, जादा टोकं, वॉरंटी कार्ड, सगळं. ठेवताना फोटो काढा. तक्रारीला उत्तर आलं की मला कळवा. आणि त्या उत्तराखाली पुन्हा त्याच मुलीचं नाव असेल, तर तोही स्क्रीनशॉट न कापता ठेवा.